कानामागची जागा

एकतीस वर्षं मी माना बघत आले.
तुंगकांगच्या बंदरावर दुकान, दोन खुर्च्या,
एकीचा पाय मोडका, तिच्यावर मांजर बसतं.
ट्यूना उतरवून आलेले पुरुष डोळे मिटतात
आणि मान माझ्या हाती देतात,
गालात ओली सुपारी, चुना, लाल ओठ.
रात्री जागायला मीही चघळायचे. कबूल.

आता जिभेच्या कडेला मसुराएवढं काहीतरी.
काऊश्युंगला डॉक्टर थांग म्हणाला, लवकर सापडलं,
पण मानेतल्या गाठी काढून बघू,
बी तिथवर उडालंय का ते.

मग त्यानं कागदावर दोन माना काढल्या.
पहिलीवर आडवी रेघ, गळ्याच्या वळीतून.
अडीच तास. विमा सगळं भरतो.
दुसरीवर रेघ कानामागून केसांत शिरलेली.
आत यंत्राचे हात जाणार,
हा पलीकडे बसून ते हलवणार.
पाच तास, आणि इंजिनासकट लहान होडी येईल
एवढे पदरचे पैसे.
"व्रण दिसणार नाही," तो जरा लाजून म्हणाला,
स्वतः शिवलेलं काही दाखवावं तसा.

मला हसू आलं. जीभ दुखली.
डॉक्टर, केसांवर एवढा भरवसा?
केस आधी जातात, मी रोज झाडून काढते.
आणि कानामागे काय काय उघडं पडतं!
लहानपणीचे टाके, भाजल्याचे डाग,
एकाचं तर नाव गोंदलेलं, बायकोचं नव्हे.

मी एकच विचारलं: हात वर जाईल ना?
कात्री धरून, दिवसाला चौदा डोकी?
तो थांबला.
ती नस दोन्हीकडे मध्ये येते, म्हणाला,
दोन्हीकडे जपूनच बाजूला सारावी लागते.
गाठी सारख्याच निघतात, निदान आजवर.
दहा वर्षांनंतरचं मला माहीत नाही.

माहीत नाही म्हणणारा माणूस मला आवडला.
पहिली मान, मी म्हटलं.

आता कानाची पाळी बधिर आहे,
डूल आरशात बघून घालते.
हात आठव्या डोक्यापर्यंत टिकतो,
मग मांजराला उठवून मीच बसते.

काल म्हातारा हुंग मान टाकून पडला होता.
मी वाकले, त्यानं मध्येच डोळे उघडले.
रेघ नेमकी समोर.
बराच वेळ बघत राहिला.
सुपारी या गालातून त्या गालात गेली.
कोणी काही बोललं नाही.
मी त्याच्या कानामागे फेस लावला,
जिथं कातडी सगळ्यात मऊ असते,
आणि वस्तरा सावकाश खाली आणला.