मिठाची गुळणी

दिवसभर मी लोकांना सांगते, आ करा.
इवालोच्या दवाखान्यात, दातांच्या खुर्चीशेजारी
वीस वर्षं उभी आहे मी.
ट्रकवाले, शिक्षिका, लाकूडतोडे आडदांड गडी
निमूट जबडा उघडतात,
आणि निघताना मी बजावते: कोमट पाणी, चिमूटभर मीठ,
गुळणी धरा, मग थुंकून टाका.

माझ्या घरात एकानं धरलीय.
थुंकत नाही.

ओउला. पंधरा पूर्ण.
परवापरवापर्यंत आंघोळ करतानासुद्धा दाराआडून बोलायचा,
तळ्यातल्या माशाचं वजन, गोलकीपरचं नाव,
माणूस झोपेत शिंकतो का.
आता हूं. आता बघू. आता काही नाही.

मी काय करत होते, ते मला कामावर कळलं,
डॉक्टर एका म्हाताऱ्याच्या दातांवर सळई ठोकत होते,
इथे दुखतं? इथे? मग इथे?
म्हाताऱ्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले
आणि न दुखणाऱ्या दातालाही हो म्हणाला,
एकदाचं संपावं म्हणून.

मग हॉकीच्या कोचचा फोन आला.
तीन आठवडे झाले, मुलगा सरावाला नाही.
पण मी तर रोज त्याला मैदानाच्या दारात सोडते,
बॅगेसकट, स्केट्ससकट.

दुसऱ्या दिवशी गाडी वळवून परत गेले.
पेट्रोल पंपाच्या कॅफेत, काचेआड,
समोर कोकोचा कप,
हातात फोनही नाही.
नुसता बसलेला.

आत जायला दोन पावलं पुरली असती.

माझी आई आली होती तशी, मी सोळाची असताना.
चर्चच्या गायनाला म्हणून निघायचे
आणि बसथांब्यावर बसून राहायचे, एकटी, अख्खा हिवाळा.
तिनं चारचौघांत मफलर धरून मला उठवलं.
त्यानंतर आईला मी सगळं सांगत आले,
हवामान, बटाट्याचा भाव, पोरांची तब्येत.
ती गेली तोवर.

मी गाडीत बसून राहिले. हीटर चालू.
दीड तासानं मैदानाच्या दाराशी त्याला घेतलं.
कसा झाला सराव? विचारलं नाही.
जीभ चावली ती खरोखरच चावली,
रक्ताची चव आली.

असे अकरा दिवस. डिसेंबर, सूर्य नाहीच,
दुपारी तीनला मध्यरात्र.
बाराव्या दिवशी रस्त्यात रेनडियर,
सात-आठ, मध्यभागी ठाण मांडून, मीठ चाटत.
हॉर्न वाजवला नाही. दिवे मंद केले.
दोघंही समोर बघत होतो.

"मला तिथे नाही आवडत," तो म्हणाला. काचेला.

माझ्या तोंडात का होता, कोण होता, कधीपासून होता,
सगळे दाटीवाटीनं दाराशी.
"बरं," मी म्हणाले.

एक रेनडियर उठला. बाकीचे नाहीत.

"माझा आवाज फाटतो ना. कपडे बदलताना सगळे तसंच बोलून दाखवतात.
आरोसुद्धा."
आरो. आमच्याकडे दर शनिवारी जेवायचा तो आरो.
"बरं," मी म्हणाले, आणि स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं
की त्या म्हाताऱ्याची आठवण झाली.

"कोचनं फोन केला असेल ना तुला?"
"हो."
"कधी?"
"झाले बारा-तेरा दिवस."
तो वळला. किती दिवसांनी सरळ माझ्याकडे.
"मग रोज कशाला आणतेस?"

"तू गाडीत बसतोस म्हणून."

तो हसला की नाकानं श्वास सोडला,
अंधारात कळलं नाही. मी दिवा लावला नाही.
जनावरं सावकाश बाजूला झाली.

घरी पोचल्यावर दार आपटलंच त्यानं,
पायऱ्या धाडधाड, वरचं दारही.
एक हातमोजा सीटवर राहिला.
उचलला नाही मी.
उद्या पुन्हा साडेतीनला निघायचंय,
कुठे, ते त्याला ठरवू दे.