नोंदवही

आमच्या चुनाभट्टीच्या सोसायटीत गेटवर भोईटे बसतात,
मांडीवर लांबट नोंदवही.
नाव, कुणाकडे, किती वाजता.
माझा सख्खा मेहुणा पेढे घेऊन आला
तरी सही चुकली नाही त्याला.

आणि मी खोलीत शिरलो
की ऋजुताचा फोन पालथा होतो.

शाळेनं कागद पाठवला होता.
अनोळखी व्यक्तींपासून सावध राहा, मुद्दे नऊ.
मी वाचून दाखवले. ती मान डोलवत
अंगठ्याचं नेलपॉलिश खरवडत बसली.
पाचव्या मुद्द्याला मलाच जांभई आली.

मग मी पंखा बंद केला, का कोण जाणे,
आणि म्हटलं, ऐक.
मार्चमध्ये ऑफिसच्या जिन्यात मला फोन आला.
गॅसचं बिल थकलंय, रात्री जोडणी कापू.
आवाज गोड नव्हता गं,
दमलेला होता, संध्याकाळी माझा असतो तसा.
म्हणून पटला.
मोबाइलवर आलेले सहा आकडे
मी त्याला म्हणून दाखवले,
पाढे म्हणावेत तसे, नीट, सावकाश.
एकोणीस हजार चारशे.
आईला सांगितलं, दाढ काढली, त्यात गेले.

"म्हणजे तुझी दाढ?"
"आहे की. ही बघ."
तिनं खरंच वाकून पाहिली.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
खाली कुणाची तरी रिक्षा पावती देत कुरकुरली.
मग तिनं फोन उलटा केला, म्हणजे सुलटा.
"बाबा, गेममध्ये एक मुलगा आहे.
म्हणजे, मुलगा आहे असं म्हणतो."

तलवारी देतो फुकट. बारा वर्षांचा.
परवा विचारलं त्यानं,
तुझ्या खिडकीतून काय दिसतं?
हिनं लिहिलं, निळी टाकी.
कुठली?
आणि खाली, हसऱ्या तोंडासकट,
घरी सांगू नकोस हं, आपल्यातच ठेव.

माझ्या मानेवर काटा आला.
माझाही तेच म्हणाला होता,
कुणाला विचारत बसू नका साहेब, वेळ जाईल.
"तेच वाक्य," ऋजुता म्हणाली.
तेच. दोघांना दोन चाव्या,
कुलूप एकच.

उत्तर दिलं नाही आम्ही. पुसलंही नाही,
उद्या दाखवायचंय.
उठून मी खिडकीचा पडदा ओढला,
काही उपयोग नव्हता, तरी.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, भांडी थांबवून,
"कुठली दाढ?"