टर्नर

सातवी ब, तिसरा तास.
फळ्यावर लिहिलं: माय फादर. दहा ओळी.
मुलांना त्यांच्या जगातून लिहू द्या,
असं आदल्या आठवड्यातच प्रशिक्षणात सांगितलं होतं,
वर वडा-सांबारही दिलं होतं.

रात्री वह्या घेऊन बसले.
बावन्न वडील.
त्यातले एकोणचाळीस टॉल आणि हँडसम,
सगळे पहाटे उठणारे, सगळ्यांना न्यूजपेपरची हौस,
गाईडाच्या चौदाव्या पानावरून
कपड्यांच्या घडीसकट उचलून आणलेले.
मी बरोबर, बरोबर करत गेले.
दहापैकी आठ. दहापैकी आठ.
चहावर साय धरली.

मग शिकलगारची वही.
सांगितल्या होत्या दहा, ओळी चारच.
माय फादर इज टर्नर.
ही कट आयर्न लाइक बटाटा.
हिज हँड स्मेल ऑइल.
संडे ऑल्सो स्मेल.

लाल पेनानं टर्नर खोडला, वर टीचर लिहिलं.
कटला एस लावला.
बटाट्याभोवती गोल.
दहापैकी तीन.
बाप मास्तर, आणि पोराला टीचरचं स्पेलिंग येत नाही,
असंही मनात म्हटलं.
आता हे लिहिताना कान तापतात,
पण म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी अल्तमश टेबलापाशी.
वही छातीशी, मान खाली, आवाज मात्र सरळ:
"मॅडम, टीचर तुम्ही.
माझा बाप टर्नर हाय. लेथवर असतोय,
वाय. पी. पोवारनगरात."
वर्ग हसला.
कुणाला, ते मी विचारलं नाही.

कपाटातली डिक्शनरी काढली.
टर्नर होता तिथे.
बारा वर्षं इंग्रजी शिकवते मी,
आणि इतकी वर्षं तो
माझ्या बसस्टॉपपासून दोन गल्ल्या आत उभा होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर
स्कूटीच्या स्टँडची झिजलेली पिन घेऊन गेले.
निमित्त.
दस्तगीरभाईंनी पिन बोटांत फिरवली,
मला ओळखलं की नाही कळेना.
शेजारच्या पोराला म्हणाले,
"चक टाइट कर. सेंटर बघ.
अजून दोन थाऊ घे, जादा नको."
चक, सेंटर, थाऊ.
एकाही शब्दाला त्या शेडमध्ये स्पेलिंग नव्हतं,
माप होतं.
चुकला शब्द तर जॉब भंगारात.

आणि मग टूल टेकलं
तशी लोखंडाची साल सुटायला लागली,
निळसर, वळसे घेत, न तुटता,
खालच्या ट्रेमध्ये भाजीच्या ताटलीत पडावी तशी.
मी बघत राहिले.
गोल केला होता मी त्या बटाट्याला.

"किती झाले?"
"पोराच्या मार्कात धरा," ते म्हणाले,
आणि शेडमधले चौघंही हसले, मग मीही.
तीस रुपये स्टुलावर ठेवून निघाले.
पदराला वास होता. दोनदा धुतली साडी.

सोमवारी अल्तमशला बोलावलं.
म्हटलं, कट नाही रे. पील.
साल काढणं म्हणजे पील.
त्यानं शब्द तोंडात घोळवला,
पेरूची बी दाताखाली यावी तसा.
"मग बटाटा ठेवू?"
"ठेव."
"बटाटाच?"
"बटाटाच."

तीन खोडले, आठ लिहिणार होते.
पण आठ तर सगळ्यांनाच होते.
जागा तशीच आहे. 
तपासणीला आलेले साहेब म्हणाले, इथे मार्क राहिलेत.
हो म्हटलं.

शेवटची ओळ मात्र
रोज मधल्या सुट्टीत काढून बघते.
संडे ऑल्सो स्मेल.
तीन शब्दांत किमान दोन चुका आहेत.
पेन हातात असतं.
अजून एकही दुरुस्त केलेली नाही.