दुसऱ्या नंबरची रिंग

खोब्रागडे सिस्टर येतात तेव्हा
गाडीआधी धूर येतो.
उंटखान्याच्या वळणावर निळसर फरकाटा,
मग हॉर्न, मग त्या,
बाजूच्या सीटवर पुठ्ठ्याची वही.
मेयोत छत्तीस वर्षं काढलेली बाई.
तारीख, रीडिंग, ऑइल किती टाकलं,
सगळं पेशंटच्या चार्टसारखं.
"चारशे किलोमीटरला अर्धा लिटर, होमराज.
इंजिन बांधून दोन महिने झाले.
इनटेक दिसते, आउटपुट दिसत नाही.
जाते कुठं?"

धुरात जाते, सिस्टर.
पण हे काही उत्तर नाही, हे मलाही समजत होतं.

अठ्ठ्याण्णवची आठशे. तीन सिलिंडर,
दोघांनी उचलावं एवढं इंजिन.
बोअर धकातेच्या वर्कशॉपमधून करून आणला,
होनिंगच्या तिरप्या रेघा बोटानं चाचपल्या,
नव्या रिंगा, नवे सील,
आणि बिलावर माझी सही, जरा मोठीच.

सकाळी थंड इंजिनाच्या मागं उभा राहिलो.
चालू होताच धूर असता तर सीलचं नाव घेतलं असतं.
नव्हता.
सक्करदऱ्याच्या पुलावरून पाय काढून उतरलो,
आरशात पाहत. तेव्हा असता तर गाइड.
तिथंही नव्हता.
पाय दाबला की मात्र यायचा,
बोलावल्यासारखा.

ब्रीदरची नळी धुतली. दाब मोजला:
एकशे सत्तर, एकशे अडुसष्ट, एकशे सत्तर.
चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला.
काटा जिथल्या तिथं.
गेज म्हणे, काही झालंच नाही.
मधला प्लग तेवढा काळा, ओला;
बाकीचे दोन भाजल्या शेंगदाण्याच्या रंगाचे.

मी ऑइलच्या कंपनीला शिव्या दिल्या.
धकातेला फोन केला, तो म्हणाला, "काहून बे, माझ्यावर काहून?"
मग सिस्टरवर आलो.
"तुम्ही चाळीसच्या वर जातच नाही.
अशानं रिंगा बसतात का?
बुटीबोरीपर्यंत पळवून आणा एकदा."
मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
त्या गेल्या. ओढणी ओली करून डोक्याला बांधली
आणि खरंच गेल्या.
परत आल्यावर वही पुढं केली:
बासष्ट किलोमीटर. ऐंशी मिली.
डिपस्टिकच्या खुणेपर्यंत सिरिंजनं भरून मोजलेलं.

त्या दिवशी संध्याकाळी हेड उतरवलं.
दुसरा पिस्टन मोनालीनं काढला,
आयटीआयची पोरगी, उइकेंची,
माझ्याकडं तिचा अजून महिनाही भरला नव्हता.
बल्बाखाली धरून ती कितीतरी वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, "काका, याच्यावर खूण असते ना?"
असते.
"वर पाहिजे ना?"
वर.
"खाली आहे."

तिळाएवढं अक्षर.
मी चष्मा पुसला, तरी ते खालीच होतं.

ही मधली रिंग सरळ बसली
तर तिची धार उतरताना ऑइल खाली ओढते.
उलटी बसली तर चढताना तेच ऑइल
ओंजळीत घेऊन वर नेते, आगीत ओतते.
दाब सोडत नाही. आवाज करत नाही.
दोन महिने ती मन लावून काम करत होती,
उलट्या दिशेनं.
बसवली त्या रात्री कूलरचा पंप बसला होता,
घाम डोळ्यात जात होता,
हे मी मोनालीला सांगायला लागलो
आणि मध्येच थांबलो.

सिस्टरला मात्र सगळं सांगितलं.
पैसे घेणार नाही, हेही.
त्या वही उघडून बसलेल्या,
पेनाचं टोपण दातात.
"पोट शिवायच्या आधी आम्ही फोर्सेप मोजायचो, होमराज.
एकीनं मोजायचं, दुसरीनं ऐकायचं.
डॉक्टर कितीही मोठा असो."
रागानं म्हणाल्या की कसं, कळलं नाही.
वहीत काय लिहिलं तेही दाखवलं नाही.

आता रिंग चढवताना
मोनाली बल्ब धरते.
"खूण वर," ती म्हणते.
"वर," मी म्हणतो,
आणि तरीही
नखानं एकदा चाचपून पाहतो.