दहा वाजताची भूक

बोटीवर मी एकवीस जणांना जेवू घालतो.
लाट आडवी आली की पातेली साखळीनं बांधतो,
स्वतःला ओट्याला टेकवून कालथा चालवतो,
तरी कुणी पानात टाकून उठत नाही.
इंजिनवाला योहानेस एकदा कठड्यावर ओकून आला
आणि तोंड पुसत म्हणाला, अजून वाढ.

घरी हा.
नऊ वर्षांचा. सव्वीस किलो.
गेल्या उन्हाळ्यातही सव्वीसच.

डबा जसा गेला तसा परत येतो.
राईच्या पावावरचं लोणी वितळून पुन्हा थिजलेलं,
सफरचंदाच्या फोडी तपकिरी,
एकीला फक्त दातांची खूण,
बाईंचं लक्ष होतं तेवढ्यापुरती.
"भूक नव्हती," लोगी म्हणतो.
खोटं नाही, कुरकुर नाही,
आज वारा नव्हता म्हणावं, तसं.

सुरुवातीला माझं सगळं उलटं चाललेलं,
आधी गोळी, मग नाश्ता.
नर्स बेर्गथोरानं कान उपटले:
आधी पोट, मग गोळी, एवढं कळत नाही, स्वयंपाकी ना तुम्ही?
तेव्हापासून सहाला दिवा लागतो.
ओटच्या लापशीत साय, सायीवर लोणी,
आणि कॉडच्या तेलाचा एक चमचा, नाक दाबून.
हिवाळ्यात बाहेर मिट्ट काळोख
आणि आत मी त्याच्या वाडग्यात उजेड ढवळत बसल्यासारखा.

मी रागावलोही आहे.
लहानपणी चालायचं ते काढून पाहिलं,
हा घास दीपगृहाचा, हा घास वल्ह्याचा.
नऊ वर्षांच्या मुलानं माझ्याकडे
दयेनं पाहिलं.
एकदा माशाचा एक घास गालात धरून
बसून राहिला चाळीस मिनिटं,
आणि रात्री न्हाणीघरातल्या टोपलीत मला तो सापडला,
कागदात नीट गुंडाळलेला,
मेलेल्या पाखरासारखा.
त्या दिवसापासून मी मोजणं सोडलं.
निदान मोठ्यानं मोजणं.

गोळ्या फेकून देऊ, मी इदुनला म्हणालो.
ती काही बोलली नाही,
फ्रीजवर चुंबकाखाली लावलेलं कार्ड तेवढं दाखवलं:
शनिवारी, तीन वाजता, वाढदिवस, लोगीला बोलावलंय.
तीन वर्षांत पहिलं.

तिथं केक खाल्ला नाहीच त्यानं.
रुमालात गुंडाळून खिशातून आणला, चपटा,
सगळ्या पिठाला लोकर चिकटलेली.
म्हणाला, रात्री खाईन.

आणि रात्र इथं मे महिन्यात रात्र नसतेच.
दहा वाजता ऊन हुसाविकच्या बंदरावर,
पडद्याच्या फटीतून त्याच्या पायांवर.
तो मोजे घालून येतो, घसरत:
बाबा, पोटात कावळे.
मी बटाटे चिरडतो, मासा सोडवतो, तीन अंडी,
लोण्याला हात आखडत नाही.
तो उभ्यानंच खातो. बसतच नाही.
भरल्या तोंडानं पाच गोष्टी एकदम सांगतो,
देवमाशाचं हृदय, कुणाची सायकल, चंद्रावरची धूळ,
दूध सांडतो, कोपरानं पुसतो, पुन्हा सांडतो.

जो शांत बसतो तो जेवत नाही.
जो जेवतो त्याला बसवत नाही.
दोघेही माझेच,
पण एका टेबलाशी मला ते अजून
भेटलेले नाहीत.

चौकटीवर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत,
मधलं अंतर माझ्या नखाएवढं.
डॉक्टर म्हणतात, शरदापर्यंत बघू,
मग मात्रेचं ठरवू.

सोमवारी बोट सुटते.
फ्रीजचा खालचा कप्पा त्याच्या नावाचा,
हे इदुनला सांगून झालंय. दोनदा.
समुद्रावर दहा वाजले की
आवरलेली चूल मी पुन्हा पेटवतो.
एक अंडं जास्तीचं होतं.
योहानेस विचारत नाही कुणासाठी.
खातो.