चोरकप्पा

नंदगडच्या लोहारानं तीनशे घेतले.
मूठ बांबूची, पातं ट्रकच्या पाट्याचं.
भाऊजी म्हणाले, रोजची रोकड घेऊन फिरतेस,
हलशीचा रस्ता, दोन्ही अंगाला झाडी,
असूं दे की पिशवीत.
तेव्हापासून आहे.

पावतीपुस्तक, शाईचा पॅड, पाण्याची बाटली,
दिवसाचे सहा-सात हजार, बहुतेक दहा-वीसच्या नोटांत,
आणि आतल्या चोरकप्प्यात सुरी.

तीन वर्षांत ती कुठंकुठं लागली
याचा हिशेब आहे माझ्याकडं, पिग्मीवाली आहे मी:
दोन नारळ.
शेरडाच्या गळ्यात अडकलेला दोर.
काजूच्या पोत्यांची सुतळी, किती वेळा ते लिहिलं नाही.
शिवलिंगव्वाच्या टाचेतला काटा,
तेव्हा ती कानडीतून देवाला आणि मला
एकदमच शिव्या देत होती.
माणूस, एकही नाही.
जवळजवळ एक.

माघातली गोष्ट. स्कूटी पंक्चर,
मी ढकलत निघालेली, आणि मागून पळती पावलं.
मी ओरडले, यारु?
मग, कोण ते?
अंधाराला कुठली भाषा कळते, सांगता येत नाही.
पावलं थांबली नाहीत.
चेन, कप्पा, मूठ. हाताला सगळं पाठ होतं.

शिवलिंगव्वाचा नातू, मल्लेश. धापा टाकत.
‘आक्का, चाळीस जास्त आल्यात,
आई म्हणाली देऊन ये.’
हात पुढं केला त्यानं, आणि मग त्याला दिसलं.
नोटा आमच्या मधे पडल्या.
कुणीच वाकेना.
शेवटी मीच वाकले, सुरी तशीच हातात,
कारण उघडी सुरी ठेवायची कुठं
हे लोहारानं सांगितलं नव्हतं.

आता तो पासबुक दाराखालून सरकवतो.
माझ्याकडं नाही, पिशवीकडं बघतो.
त्याची आई विचारते, काय झालंय गं,
पोरगं तुला बघून आत पळूलालंय?
मी म्हणाले, मागं कुत्रं लागलं होतं.

मष्णूच्या डिकीत कोयता होता.
इटगीच्या वाटेवर तिघं आले,
रोकड नेली, कोयताही नेला.
‘नवा होता की गं,’ तो अजून म्हणतो,
पैशांचं काही बोलत नाही.
डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत त्याची.
त्याला वाटतं, थोडं आधी काढायला हवा होता.
मला वाटतं, तो काढायला गेला म्हणूनच.
आम्ही चहा पितो
आणि आपापल्या ग्लासात बघतो.

भीतीचीही पिग्मी असते.
रोज थोडी थोडी भरायची,
कुणी दारात मागायला येत नाही तरी भरायची.
मुदत काही संपत नाही.

एक दिवस सुरी घरी ठेवली.
कारली चिरली तिनं, बरी चिरली.
अकरा दिवस पिशवी हलकी लागली,
आणि बाराव्या दिवशी सागाच्या वळणावर
एक मोटारसायकल माझ्या बरोबरीनं चालू लागली,
दिवा बंद.
मागचा म्हणाला, लोंड्याला रस्ता कुठला?
मी सांगितला.
ते गेले. खरंच रस्ताच हवा होता त्यांना,
किंवा रस्ता सांगणारी बघायची होती.
घरी येईपर्यंत एका हातानं गाडी चालवली,
दुसरा रिकाम्या कप्प्यात.

काल मल्लेशच्या दारात
पिशवी उलटी केली.
बाटली गडगडत अंगणात गेली, नाणी पायरीवर.
कप्पा ओढून बाहेर काढला, अस्तरासकट.
बघ, म्हटलं.
तो जवळ आला. बोट घालून शिवण चाचपली.
बराच वेळ.
मग विचारलं,
‘आणि आता चोर आला तर, आक्का?’

मी शाईचा पॅड उघडला.
वीस रुपये, म्हटलं. आजची तारीख.