मापं

रेश्मा, चार्ज घेताना यादी नीट तपासून घे.
टेबल एक. खुर्च्या तीन, एकीचा पाय विटेवर.
पंखा एक, तीनवर ठेवला तरच फिरतो.
लोखंडी कपाट एक, त्याची जादा किल्ली
बजरंग माळीच्या चहाच्या गाड्यावर,
कारण रात्री मी नसते आणि कपाट लागतं.

कपाटाचा खालचा कप्पा यादीत नाही.
डेडस्टॉकला नोंद नाही, ऑडिटला मी तो उघडला नाही.
त्यात चपला आहेत.
पाच नंबर, सहा नंबर, सातचे दोन जोड,
तासगावच्या आठवडी बाजारातल्या, साध्या, रबरी.

पहिल्या वर्षी वाटायचं, आपलं काम म्हणजे कायदा समजावणं.
कलमं पाठ होती. साडीला इस्त्री होती.
मग एका पहाटे सावळजच्या बाजूनं एक जण आली,
द्राक्षबागांच्या कडेकडेनं, रात्रभर चालून,
टाचेत तारेचा तुकडा.
मी पेन उघडून विचारलं, तक्रार काय?
ती दारातच थांबली.
ताई, पाय कुठं ठिवू ते आधी सांगा,
तुमची फरशी घाण हुतीया.

माझ्या चपला तिला दिल्या
आणि दुपारी कोर्टात अनवाणी गेले.
पट्टेवाला हसला. हसू दे.

घरातून पळताना कुणी चपला घालत नाही, रेश्मा.
चपला उंबऱ्यापाशी असतात
आणि उंबऱ्यात तो उभा असतो.

नाव कुठं येऊ द्यायचं नाही, असं कायदाच सांगतो.
बरंच आहे. मी मापं लक्षात ठेवली.

सात नंबर: तीन वर्षं, एकवीस तारखा.
बाकावर तिला भिंतीकडं बसवायचं, आपण बाहेरच्या टोकाला,
म्हणजे त्याची नजर आधी आपल्यावर अडते.
निकालाचा पुकारा झाला तेव्हा
ती माझ्या खांद्यावर झोपली होती.
क्षणभर उठवावंसं वाटेना.

सहा नंबर फितूर झाली.
पिंजऱ्यात म्हणाली, जिन्यावरून पडले.
तिच्या घराला जिना नाही. पत्र्याची एक खोली, मी पाहिलीय.
परतताना रिक्षात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.
ते माझं चुकलं.
चार्जच्या कागदात याला रकाना नाही, म्हणून तोंडी सांगते.

पाच नंबर आता बेदाण्याच्या शेडवर मुकादम आहे.
परवा नवा जोड घेऊन आली.
म्हणाली, उधार होतं.

आणि एक माप कुठल्याच नंबरात बसत नव्हतं.
माझ्या वितीत मावलं.
एवढ्या लहान चपला मी ठेवल्या नव्हत्या.
कोण ठेवेल?
मिरजेच्या दवाखान्यात तिला कडेवर घेऊन गेले
आणि येताना दुकान उघडायची वाट बघत
पायरीवर बसले.
तो जोड कागदात गुंडाळलेला आहे, मागच्या बाजूला.
अजून कोरा.
कोराच राहू दे म्हणून रोज कपाट उघडताना
मी काहीतरी पुटपुटते. देवाला नाही. असंच.

साहेब म्हणतील, मॅडम, समेट घडवा.
चहा प्यायचा, ऐकायचं, आणि जबाब घ्यायला लागायचं.

सही इथं. तारीख घाल.
आणि तुझा नंबर किती गं?
तुझाही एक जोड ठेव त्यात.
कोर्टाची फरशी
मे महिन्यातसुद्धा गार असते.